चिंचिलासाठी पिंजरा कसा उभारावा

चिंचिला हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या थंड, कोरड्या, खडकाळ उतारांवरचा प्राणी. खारीहून मोठा, वजनाने साधारण ४०० ते ७०० ग्रॅम, आणि अंगावर इतकी दाट लोकर की एकेका केसमुळातून पन्नासहून अधिक केस निघतात. या लोकरीपायी झालेल्या शिकारीने तो जंगलातून जवळजवळ संपला. आज घरोघरी पाळल्या जाणाऱ्या चिंचिलांचा वंश मुख्यतः मॅथियस चॅपमन या खाण अभियंत्याने १९२३ मध्ये चिलीहून कॅलिफोर्नियात नेलेल्या मोजक्या प्राण्यांपर्यंत मागे जातो. शंभर वर्षांच्या पैदाशीत लोकरीचे रंग वाढले, शरीराच्या गरजा मात्र बदलल्या नाहीत. कोरडी थंड हवा, उड्या मारायला टप्पे, सतत कुरतडायला काहीतरी आणि दिवसा दडून झोपायला अंधारी जागा, हे सगळे पिंजऱ्यातच द्यावे लागते.

पिंजरा केवढा घ्यावा, किती मजल्यांचा घ्यावा, तयार घ्यावा की करवून घ्यावा, याबाबत नव्याने चिंचिला आणणाऱ्यांचा नेहमी गोंधळ होतो. प्रश्न रास्त आहेत. हा प्राणी १० ते २० वर्षे जगतो आणि त्यातला बहुतेक काळ पिंजऱ्यात काढतो. पण महाराष्ट्र-गोव्याच्या हवेत या सगळ्या प्रश्नांआधी पिंजरा ज्या खोलीत ठेवायचा त्या खोलीचा प्रश्न येतो.

आधी खोली, मग पिंजरा

चिंचिलाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः मोठ्या कानांतून बाहेर टाकतो. बाकीचे अंग लोकरीने झाकलेले असते. १५ ते २१ अंश सेल्सिअस हे त्याच्या सोयीचे तापमान. २५ अंशांवर त्याला त्रास सुरू होतो. २७-२८ अंशांपुढे, विशेषतः हवा दमट असेल तर, उष्माघाताने काही तासांत जीव जाऊ शकतो. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी हवी.

अनुभवी पाळणारे एक ठोकताळा वापरतात. फॅरनहाइटमधले तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज १५० च्या बरीच खाली राहिली पाहिजे. ७० अंश फॅरनहाइट (सुमारे २१ अंश सेल्सिअस) आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर बेरीज १२० होते; काळजीचे कारण नाही. पावसाळ्यात मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत नुसता पंखा लावलेल्या खोलीत ८४ अंश आणि ८५ टक्के सहज असतात. बेरीज १६९ वर जाते. विदर्भ-मराठवाड्यात मात्र हा ठोकताळा फसवतो. मे महिन्यात तिथे हवा कोरडी असते, त्यामुळे १०४ अंश आणि २० टक्के मिळून बेरीज १२४ च येते, पण १०४ अंश फॅरनहाइट म्हणजे ४० अंश सेल्सिअस. त्यात चिंचिला तग धरणार नाही. म्हणून तापमान २५ अंशांखाली आहे का हे आधी पाहावे, बेरीज त्यानंतर.

खोली थंड ठेवण्याचे जे उपाय घरात सहज सुचतात, त्यांतले बहुतेक या प्राण्याच्या कामाचे नाहीत:

- एसी: आपल्याकडे भरवशाचा उपाय हाच. तो उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात रात्रंदिवस चालवावा लागेल, हे गृहीत धरूनच विजेच्या बिलाचा अंदाज घ्या. थंड झोत थेट पिंजऱ्यावर येऊ देऊ नका.
- कूलर: हवेत ओलावा भरतो. दमट हवेत लोकर वाळत नाही आणि कातडीला बुरशी लागते. वापरू नये.
- पंखा: घामच नसल्याने वाऱ्याने अंग थंड होत नाही. एसीची हवा खोलीत फिरवण्यापुरता त्याचा उपयोग.
- वाळ्याचे ताटे, ओले पडदे, ओली फडकी: माणसाला गारवा देतात, चिंचिलाला दमटपणा.
- डीह्युमिडिफायर: किनारपट्टीवर एसीच्या जोडीने उपयोगी. एकटा वापरल्यास खोली उलट थोडी तापते.

वीज गेली तर काय, हे पिंजरा घेण्याआधीच ठरवून ठेवावे. घरगुती इन्व्हर्टरवर एसी सहसा चालत नाही आणि सोसायटीचा जनरेटर बहुधा लिफ्ट व जिन्यातल्या दिव्यांपुरता असतो. पाणी भरून गोठवलेल्या दोन-तीन बाटल्या फ्रीजरमध्ये कायम असू द्याव्यात. वेळ आली की त्या जाड फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवाव्यात. पिंजऱ्यात नेहमीसाठी संगमरवर, ग्रॅनाइट किंवा कडप्प्याचा गुळगुळीत, कडा घासलेला तुकडा ठेवावा. गरम वाटले की प्राणी आपणहून त्यावर पोट टेकून बसतो. असाच दुसरा तुकडा फ्रीजमध्ये ठेवला की आलटून-पालटून वापरता येतो.

कान लालभडक होणे, तोंड उघडे ठेवून धापा टाकणे, लाळ गळणे, कुशीवर पडून राहणे ही उष्माघाताची लक्षणे. ती दिसताच प्राण्याला थंड खोलीत न्यावे, कानांना गार ओलसर फडके लावावे, गार फरशीवर ठेवावे आणि लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे. बर्फाच्या पाण्यात मुळीच बुडवू नये. लोकर भिजली की लवकर सुकत नाही आणि अचानक थंडीचा धक्काही बसतो.

पिंजऱ्याची जागा

चिंचिला दिवसा झोपतो. संध्याकाळी, रात्री आणि पहाटे जागा असतो. त्यामुळे दिवसा शांत राहणारी खोली निवडावी. उन्हाची तिरीप, टीव्ही, मिक्सर, वॉशिंग मशीन आणि सतत उघडणारे दार यांपासून पिंजरा लांब हवा. पाठीला, शक्य असल्यास एका बाजूलाही, भिंत असली की प्राण्याला सुरक्षित वाटते. पिंजरा जमिनीवर न ठेवता फूटभर उंच स्टँडवर ठेवावा, म्हणजे वरून कुणी झडप घालते आहे असे त्याला वाटत नाही आणि मुंग्या-झुरळांचा त्रासही कमी होतो.

बंद करून घेतलेली बाल्कनी ही शहरी घरांत पिंजऱ्यासाठी सर्वात आधी सुचणारी जागा असते. काचेमागे ती दुपारी तापते, म्हणून ती टाळा. स्वयंपाकघरही नको. देवघराच्या खोलीत उदबत्ती-धुपाचा धूर असतो, आणि डासांची कॉइल कुठल्याही खोलीत जळत असली तरी तिचा धूर या प्राण्याच्या श्वसनमार्गाला त्रास देतो. दिवाळीत फटाक्यांच्या रात्री खिडक्या बंद करून जाड पडदे ओढावेत. पिंजऱ्यावर चादर टाकायची असल्यास एकच बाजू झाकावी. चारही बाजू झाकल्या तर आत हवा कोंडते.

केवढा पिंजरा पुरे

दोन चिंचिलांसाठी तळ किमान ९० × ६० सेंटिमीटर आणि उंची १२० सेंटिमीटर, हे कमीतकमी माप समजावे. उंची दीड मीटरपर्यंत नेता आली तर उत्तमच, पण तळ अरुंद ठेवून नुसती उंची वाढवणे चुकीचे. चिंचिला सरळ वर चढत जात नाही. तो एका टप्प्यावरून तिरक्या उडीने दुसऱ्यावर जातो, आणि त्यासाठी आडवी मोकळी जागा लागते. दुकानात सशासाठी किंवा हॅम्स्टरसाठी म्हणून मिळणारे पिंजरे या मापाच्या जवळपासही नसतात. असा पिंजरा ‘सध्यापुरता’ घेतला की तो वर्षानुवर्षे तसाच राहतो, आणि कोंडलेला प्राणी स्वतःची लोकर चावू लागतो किंवा गज तासन्‌तास कुरतडत बसतो.

पुरेशी जागा देणे कायद्यानेही बंधनकारक आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार, हालचालीला वाव मिळणार नाही इतक्या कमी लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यात प्राण्याला कोंडणे ही क्रूरता ठरते. हे कलम मालकाला लागू आहे, तसेच विक्रेत्यालाही.

जाळी, सांगाडा आणि दार

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना तयार पिंजऱ्यांचे पर्याय भरपूर आहेत. मिडवेस्ट कंपनीचा दोन मजली ‘क्रिटर नेशन’ तिथे बराच वापरला जातो, कारण त्याच्या गजांमधले अंतर अर्धा इंच आहे आणि दारे पूर्ण रुंदीची आहेत. त्याच कंपनीच्या ‘फेरेट नेशन’मध्ये हे अंतर सुमारे एक इंच असते, मोठ्या प्राण्याला ते चालते, पिल्ले असतील तर चालत नाही. दोन्हींत येणाऱ्या प्लॅस्टिकच्या ताटल्या काढून धातूच्या बसवाव्या लागतात.

भारतात असे पिंजरे महाग पडतात किंवा मिळत नाहीत. त्यामुळे खिडक्यांच्या ग्रिल करणाऱ्या फॅब्रिकेटरकडून पिंजरा करवून घेणे हा बहुतेकांसाठी चांगला मार्ग. त्याला काम देताना पुढील गोष्टी लिहून द्या:

- सांगाडा लोखंडी अँगलचा, चारही पायांना ब्रेक लागणारी चाके.
- जाळी वेल्डमेशची, छिद्र अर्धा × एक इंच. कोंबड्यांच्या खुराड्याची षट्कोनी जाळी नको. तिच्या तारा वाकतात आणि पाय अडकतो.
- शक्य असेल तिथे जाळी ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची. खर्च परवडत नसेल तर वेल्डिंग झाल्यावर भट्टीत केलेले पक्के पावडर कोटिंग. ब्रशने मारलेला ऑइलपेंट नको.
- उघडे गॅल्व्हनाइज्ड पत्रे किंवा जाळी नको. चिंचिला ती चाटतो, चावतो, आणि पोटात गेलेल्या जस्ताने विषबाधा होते.
- तारेची कापलेली टोके सगळी बाहेरच्या बाजूला, कानशीने घासलेली.
- समोर दोन मोठी दारे, प्रत्येक किमान ३० सेंटिमीटर रुंद. छोट्या दारातून हात घालून प्राण्याला ओढावे लागले तर तो घाबरून मूठभर लोकर सोडून निसटतो, आणि ती भरून यायला काही महिने लागतात.
- कडी लोखंडी आणि स्प्रिंगची, किंवा साधी खिट्टी अधिक हुक. नुसती वर सरकणारी खिट्टी प्राणी तोंडाने उचलू शकतो.

पिंजरा घरी आला की प्रत्येक सांध्यावरून तळहात फिरवून पाहा. हाताला जे बोचेल ते प्राण्यालाही लागेल. मग गरम पाणी आणि साबणाने धुऊन दोन दिवस मोकळ्या हवेत वाळू द्यावा, म्हणजे कोटिंगचा वास जातो. मुंबईतल्या जुन्या इमारतींत किंवा तळमजल्यावर उंदीर-घुशींचा वावर असेल, तर पिंजऱ्याची तळाची फळीही धातूची आणि फटीविना असावी.

तळ आणि अंथरूण

तळाला जाळी ठेवून घाण खाली पडू द्यावी, असे फॅब्रिकेटर हमखास सुचवतो. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात ते चालते. चिंचिलाच्या मागच्या पायांचे तळवे मात्र मऊ असतात. सतत तारेवर राहिल्याने त्यांवर घट्टे आणि जखमा होतात. त्याच्या पोटरीचे हाडही लांब आणि बारीक असते. तारेच्या छिद्रात पाय अडकून ते मोडणे, ही पशुवैद्यकांकडे येणारी नेहमीची दुखापत. म्हणून तळ सपाट आणि भरीव हवा. पाच-सहा सेंटिमीटर उंच काठाचा स्टेनलेस स्टीलचा ट्रे सर्वात टिकाऊ.

ट्रेमध्ये भट्टीत वाळवलेल्या पाइनचा किंवा ॲस्पेनचा जाडसर किसलेला भुसा, कागदी गोळ्या किंवा फ्लीसचे कापड अंथरावे. फ्लीस आपल्याकडे सहज मिळते, धुता येते आणि त्याचे धागे सुटत नाहीत. कुरतडायची सवय फार असलेल्या प्राण्याला मात्र त्यावर सोडून देऊ नये. वखारीतला बारीक भुसा स्वस्त असला तरी घेऊ नका. त्यात कुठकुठल्या लाकडांचा, प्लायवूडचा आणि पॉलिशचा चुरा मिसळलेला असतो आणि धूळ नाकात जाते. देवदार आणि सिडर यांचा सुगंधी भुसा, कापूस, गोधडीचे तुकडे, मांजरासाठीची गोळे होणारी माती, मक्याच्या कणसाचा भरडा, यांतले काहीही वापरू नये.

फळ्या: पिंजऱ्याचा खरा आतला भाग

रिकामा उंच पिंजरा धोक्याचा. धडधाकट चिंचिला एका उडीत मीटरभर उंच सहज जातो, पण खाली पडताना त्याच्या पायांना ती उंची झेपत नाही. फळ्यांची रचना अशी हवी की कुठूनही पडला तरी अर्ध्या मीटरच्या आत त्याला दुसरी फळी किंवा तळ लागेल. एका फळीहून पुढची १५ ते २० सेंटिमीटर उंच आणि थोडी बाजूला, अशा तिरक्या मांडणीत त्या बसवाव्यात. मध्यावर एक पूर्ण रुंदीचा मजला घातला तर पडण्याचा धोका आणखी कमी होतो. फळी किमान २० सेंटिमीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर जाड असावी. दोन-तीन फळ्या कोपऱ्यात त्रिकोणी बसवल्या की प्राणी तिथे पाठ टेकून झोपतो.

फळी पक्की करण्याची सोपी रीत अशी: जाळीच्या बाहेरून मोठा वॉशर लावून लाकडाचा स्क्रू फळीच्या मागच्या कडेत घट्ट करावा. स्क्रूचे डोके बाहेर राहते, आत काहीच टोचत नाही, आणि फळी बदलायला दोन मिनिटे लागतात. फळ्या बदलाव्या लागणारच, कारण चिंचिलाचे सगळे, म्हणजे वीसही दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी तो फळ्या खातो. खाल्लेली फळी म्हणजे नुकसान नव्हे. फळी शाबूत आणि दात वाढलेले, ही स्थिती जास्त महागात पडते.

लाकूड निवडताना घाई करू नये. तो जे चावणार ते त्याच्या पोटात जाणार.

- चालणारी लाकडे: भट्टीत वाळवलेले पाइन, पॉप्लर, सफरचंद, नासपती, विलो आणि तुती. तुतीच्या फांद्या रेशीम-उद्योगाच्या भागांत छाटणीनंतर मिळतात. औषधफवारणी झालेली नसेल तरच घ्याव्यात, धुऊन उन्हात कडकडीत वाळवाव्यात.
- टाळायची लाकडे: चेरी, आलुबुखार, पीच, जर्दाळू अशी एकाच कठीण बीच्या फळांची झाडे, लिंबू-संत्र्याच्या जाती, देवदार-सिडर, कण्हेर. आंबा, चिकू, रुई अशी चीक असलेली झाडेही दूरच ठेवावीत. सागाच्या लाकडात तेल असते, तेही नको.
- प्लायवूड, एमडीएफ, सनमायका लावलेल्या फळ्या: त्यांतला गोंद आणि राळ पोटात जाते. फर्निचरच्या उरलेल्या तुकड्यांचा मोह इथे आवरावा.

पाइन आपल्याकडे बहुधा आयात मालाच्या पॅलेटच्या रूपाने भंगारात किंवा जुन्या लाकडाच्या दुकानात मिळते. पॅलेटवर जळका शिक्का असतो. त्यावर ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले आहे. ‘एमबी’ असेल तर मिथिल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली आहे आणि ते घेऊ नये. शिक्का नसलेले किंवा तेलाचे, रसायनांचे डाग असलेले पॅलेटही सोडून द्यावे. घेतलेल्या फळीतले सगळे खिळे काढून ती रंधून घ्या. वार्निश, पॉलिश, फेव्हिकॉल काही लावू नका.

निरोगी चिंचिलाला शिडी किंवा उतरण लागत नाही. म्हाताऱ्या किंवा पाय मोडून बरा झालेल्या प्राण्यासाठी लावायची झाल्यास ती भरीव फळीची असावी, तारेची नको.

आत काय ठेवावे

लपायची घरे प्राण्यागणिक एक. खिळ्यांविना जोडलेली लाकडी पेटी उत्तम, आणि तिला दोन तोंडे असावीत, म्हणजे जोडीतला दबणारा प्राणी आत कोंडला जात नाही.

गवत हे मुख्य अन्न आणि दात झिजवण्याचे मुख्य साधनही. टिमथी किंवा ओटचे वाळलेले गवत चोवीस तास पुढ्यात हवे. गवताची जाळीदार टोपली वरून उघडी असेल तर प्राणी तीत उडी मारतो आणि पाय अडकवून घेतो. तिला झाकण असावे. लसूणघासात कॅल्शियम आणि प्रथिने जास्त असतात, म्हणून ते वाढत्या पिल्लांना आणि गाभण किंवा पाजणाऱ्या मादीलाच द्यावे. पावसाळ्यात गवत हवाबंद डब्यात ठेवावे. कुबट वास आला की पूर्ण टाकून द्यावे. बुरशीचे गवत निवडून वापरता येत नाही.

खाण्याची वाटी चिनी मातीची, जड बुडाची. चिंचिलासाठीचे पेलेट दिवसाला एक-दोन चमचेच. टपरवेअरसारख्या प्लॅस्टिकच्या वाट्या तो खाऊन टाकतो आणि तुकडे आतड्यात अडकतात.

पाण्याची बाटली काचेची, स्टीलची नळी असलेली आणि पिंजऱ्याबाहेर टांगलेली. दोन बाटल्या लावाव्यात, कारण नळीतली गोळी अडकली तर प्राणी दिवसभर तहानलेला राहतो. पाणी रोज बदलावे आणि बाटली ब्रशने घासावी. साचलेल्या पाण्यात वाढणारा स्यूडोमोनास हा जंतू चिंचिलांमध्ये गंभीर आजार घडवतो.

धूळस्नानाचे भांडे मात्र पिंजऱ्यात कायम ठेवायचे नाही. चिंचिला पाण्याने अंघोळ करत नाही, तो बारीक ज्वालामुखीय राखेत किंवा त्यासाठीच तयार केलेल्या खनिज भुकटीत लोळून लोकर साफ करतो. आठवड्यातून दोन ते चार वेळा, दहा-पंधरा मिनिटे, एवढे पुरे. दमट दिवसांत एखादी वेळ वाढवावी. भांडे आत राहिले तर तो त्यात लघवी करतो, डोळे चुरचुरतात आणि कातडी कोरडी पडते. समुद्राची किंवा बांधकामाची वाळू, रांगोळी, टाल्कम पावडर यांचा पर्याय म्हणून कधीही उपयोग करू नका. वाळू लोकर तोडते, रांगोळी आणि पावडर फुप्फुसात जाते. वापरलेली भुकटी पिठाच्या चाळणीने गाळून दोन-तीनदा वापरता येते, ओलसर झाली की फेकावी. ती चाळण पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

चाक द्यायचे असल्यास किमान ३८ सेंटिमीटर व्यासाचे, धातूचे, धाव भरीव असलेले. त्याहून लहान चाकात पाठीचा कणा वाकतो, आणि आऱ्यांच्या चाकात पाय किंवा शेपूट सापडते. प्राण्याला आत घालून फिरवायचे प्लॅस्टिकचे गोळे काही मिनिटांत तापतात. ते विकत घेऊच नयेत.

जोडी आणि पिल्ले

चिंचिला कळपाने राहणारा प्राणी आहे. शक्यतो दोन एकत्र वाढलेली भावंडे, दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या आणाव्यात. नर-मादी एकत्र ठेवली तर पिल्ले होणार, आणि व्यायल्यानंतर लगेचच मादी पुन्हा गाभण राहू शकते. गर्भकाळ सुमारे १११ दिवसांचा असतो.

दोन अनोळखी प्राणी थेट एका पिंजऱ्यात सोडू नयेत. चिंचिलांत मादी अंगाने मोठी आणि बहुधा आक्रमक असते. भांडणात कान फाटतात, क्वचित जीवही जातो. सुरुवातीला दोन पिंजरे शेजारी ठेवावेत, पण मध्ये चार बोटांचे अंतर हवे, नाहीतर ते जाळीतून एकमेकांच्या पायाची बोटे चावतात. अंथरूण अदलाबदल करीत दोन-तीन आठवडे गेले की आपल्या देखरेखीखाली तिसऱ्या, दोघांनाही नवख्या जागी भेट घडवावी.

पिल्ले अंगावर लोकर आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात आणि काही तासांत पळू लागतात. अर्ध्या इंचाहून मोठ्या फटीतून ती बाहेर पडतात, म्हणून मादीला वेळेआधी एकमजली, कमी उंचीच्या पिंजऱ्यात हलवावे. व्यायल्यावर आठवडाभर तिला धूळस्नान देऊ नये.

साफसफाई

रोज ओले अंथरूण आणि उरलेले पेलेट काढावेत, आठवड्याला ट्रे पूर्ण रिकामा करून धुवावा, महिन्याला फळ्या काढून पॉलिश पेपरने घासाव्यात. धुण्यासाठी पांढरे व्हिनेगर आणि पाणी पुरेसे आहे. फिनेल, डांबर-गोळ्या, झुरळांचा स्प्रे पिंजऱ्याच्या खोलीत नकोत. धुतलेला प्रत्येक भाग पूर्ण कोरडा झाल्यावरच परत बसवावा. पावसाळ्यात हे नीट जमावे म्हणून फळ्यांचा आणि फ्लीसचा दुसरा संच करून ठेवणे शहाणपणाचे.

कागदपत्रे आणि ग्राहक म्हणून हक्क

जंगली चिंचिला साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. पाळीव पैदाशीच्या प्राण्यांना त्यातून वगळले आहे. भारतात २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात साइट्स यादीतल्या प्राण्यांसाठी स्वतंत्र अनुसूची आणि नोंदणीची तरतूद आली. म्हणून प्राणी पाळीव पैदाशीचाच आहे हे सांगणारी लेखी पावती विक्रेत्याकडून घ्या आणि नोंदणीबाबत आपल्या जिल्ह्याच्या वन कार्यालयात आधी विचारा. ‘कागद लागत नाहीत’ हे विक्रेत्याचे तोंडी उत्तर मान्य करू नका. २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांनुसार दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते; ते प्रमाणपत्र पाहायला मागावे.

ऑनलाइन घेतलेल्या पिंजऱ्याचे माप, गजांमधले अंतर किंवा धातू जाहिरातीप्रमाणे नसेल तर पेटी उघडतानाचे छायाचित्र आणि बिल जपून ठेवा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात दावा दाखल करता येतो. विक्रेत्याच्या शहरात जावे लागत नाही.

प्राणी आणण्याआधी

पिंजरा फळ्या-भांड्यांसह पूर्ण लावून झाला की तो आठवडाभर रिकामाच ठेवा. मधल्या फळीवर तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक ठेवून पहाटे, दुपारी तीन वाजता आणि रात्री झोपताना आकडे लिहा. शक्य असेल तर ही नोंद एप्रिल-मे किंवा जून-जुलैमध्ये करा; डिसेंबरच्या पुण्यातले आकडे काहीच सांगत नाहीत. याच आठवड्यात ससे, गिनीपिग, चिंचिला अशा लहान प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्यक शोधून त्याचा रात्रीचा क्रमांक घेऊन ठेवा; कुत्र्या-मांजरांवर उपचार करणाऱ्या प्रत्येकाला या प्राण्याचा अनुभव असतोच असे नाही. नोंदीत तापमान एकदाही २५ अंशांवर गेले असेल तर आधी खोलीची व्यवस्था सुधारा आणि पुन्हा मोजा. ती सुधारणे परवडत नसेल, तर चिंचिला आणू नका.